ट्रामाडॉल गेलं, टॅपेन्टाडॉल आलं: कायदा नेमका कुठे बदलायचा?

बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१८ मध्ये एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तर बाजारात टॅपेन्टाडॉल सुरू झालं. उद्या तेही बंद केलं तर तिसरं येईल. इंग्लंड आणि चीनने नायटाझिन या ओपिऑइड्सच्या (म्हणजे मॉर्फिनसारखं काम करणाऱ्या पदार्थांच्या) गटावर एकगठ्ठा बंदी घातली आहे. मग आपण कायद्यात 'सर्व कृत्रिम ओपिऑइड्स' असं एका ओळीत लिहून मोकळे का होत नाही? आणि तोवर काउंटरमागे उभं राहणाऱ्याने काय करायचं?"

एका ओळीत लिहिता येईल. पण लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावच्या मेडिकलमधली जुलाब थांबवायची गोळी एनडीपीएसमध्ये जाऊन बसेल. लोपेरामाइड हे शंभर टक्के कृत्रिम ओपिऑइड आहे. मॉर्फिनची किल्ली ज्या कुलपाला लागते त्याच कुलपाला त्याचीही लागते. फक्त नेहमीच्या डोसात ते मेंदूत शिरत नाही, आतड्यातच आपलं काम उरकतं. याउलट रचनेवरून पाहायला गेलात तर नॅलोक्सोनचा सांगाडा थेट मॉर्फिनच्या घराण्यातला, आणि तेच ओव्हरडोस झालेल्या माणसाचा श्वास परत आणणारं औषध. तेव्हा 'ओपिऑइड' हा शब्द तुमच्या फार्माकॉलॉजीच्या पेपरात पाच मार्क मिळवून देईल, पण पंचनाम्यात टिकणार नाही. पंचनाम्यात वस्तू काय काम करते ते लिहीत नाहीत, वस्तू काय आहे ते लिहितात.

मी औषध प्रशासनात एकतीस वर्षं काढली. ड्रग इन्स्पेक्टर म्हणून लागलो, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, निम्मी मराठवाड्यात. त्यामुळे पुढचं बरंचसं पुस्तकातलं नाही, आणि काही मतं तुम्हाला आवडणार नाहीत.

आधी आत्ताची व्यवस्था बघू. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. कृत्रिम पदार्थांना त्यात शिरायला दोन दरवाजे आहेत. एक 'मॅन्युफॅक्चर्ड ड्रग'चा, त्यातून फेंटानिल (भूल आणि तीव्र वेदनांसाठीचं फार जोरकस औषध) आत आलं. दुसरा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या अनुसूचीचा, त्यातून ट्रामाडॉल आलं. (दोन्ही ओपिऑइड, तरी दोन वेगळ्या खोल्यांत. सरकारी यादीला फार्माकॉलॉजी शिकवायला जाऊ नका.) दोन्ही ठिकाणी नियम एकच: नाव हवं. नावाबरोबर त्याचे क्षार, आयसोमर (तेच अणू, वेगळी मांडणी) वगैरे धरले जातात, पण एखाद्या हुशार केमिस्टने रेणूत एक कार्बन वाढवला तर तो नवा पदार्थ, आणि नव्या पदार्थाचं नाव यादीत नाही. यादीतल्या पदार्थाशी साधर्म्य असलेलं सगळंच गुन्ह्यात धरायचं, अशी तरतूद अमेरिकेत १९८६ पासून आहे, आपल्या कायद्यात नाही.

हे मला शिकवलं एमडीने, म्हणजे मेफेड्रोनने. ते ओपिऑइड नाही, उत्तेजक आहे, पण धडा तोच. ५ फेब्रुवारी २०१५ ला त्याचं नाव यादीत आलं. त्याआधीच्या वर्षी एका रात्री साडेअकराला पोलीस ठाण्यातून फोन आला: "साहेब, पोराकडे पांढरी पावडर सापडलीय, तो स्वतःच सांगतोय म्याऊ म्याऊ आहे म्हणून. तुमच्या कायद्यात बसतं का काही?" मी गेलो. प्लास्टिकच्या छोट्या पुड्या, त्यावर ना लेबल, ना बॅच नंबर. औषध म्हणून विक्रीचा गुन्हा लावायचा तर औषध म्हणून विकल्याचा पुरावा हवा, आणि एनडीपीएसच्या यादीत नाव नाही. पोरगा सकाळी घरी गेला. अधिसूचना निघाल्यावरही त्याला मागे जाऊन पकडता येत नव्हतं, कारण घटनेचं कलम २० सांगतं की कृत्य केलं त्या दिवशी जो गुन्हा नव्हता त्याची शिक्षा नाही. ते तसंच असायला हवं. म्हणून तर यादीत नाव उशिरा येण्याची किंमत इतकी मोठी असते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यादीत नाव घालायला संसदेत जावं लागत नाही. अनुसूचीत भर घालायचा अधिकार कलम ३ ने केंद्र सरकारला दिलेला आहे, राजपत्रात अधिसूचना काढली की झालं. म्हणजे उशीर होतो तो कायद्यामुळे नव्हे, टेबलांमुळे. या खात्याचा अभिप्राय, त्या समितीची बैठक, उद्योगाची हरकत, आरोग्य मंत्रालय आणि अर्थ मंत्रालय यांच्यातला पत्रव्यवहार. 'कायदा बदला' म्हणून ओरडणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आधी फाइलचा प्रवास मोजा.

ट्रामाडॉलची अधिसूचना २६ एप्रिल २०१८ ची. त्याआधी ते शेड्यूल एच-वनमध्ये होतं, म्हणजे चिठ्ठी हवी, वेगळं रजिस्टर हवं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीशिवाय विकलं तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७(ड) खाली एक ते दोन वर्षं. अधिसूचनेनंतर त्याच स्ट्रिपला पाच ग्रॅम ही अल्प मात्रा आणि २५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा ठरली. व्यापारी मात्रा म्हणजे दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि एनडीपीएसच्या कलम ३७ चा जामीन, जो मिळणं म्हणजे काय असतं ते वकिलाला विचारा.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी एका तालुक्याच्या गावी तपासणीला होतो. दुकानदार साठीचा, वडिलांपासून चालत आलेलं मेडिकल. मी खुर्चीवर टेकतोय तोच त्याने चपलांचे दोन खोके काउंटरवर ठेवले. आत ट्रामाडॉलच्या स्ट्रिपा, रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे केलेले, वर बिलांच्या झेरॉक्स. म्हणाला, "साहेब, स्टॉकिस्ट परत घेत नाही. तुम्हीच घेऊन जा, पण माझ्या दुकानात नको." मी त्याला समजावलं की परवाना आहे, चिठ्ठी आहे, रजिस्टर आहे, तर विकायला मनाई नाही. नियम आजही तेच सांगतात. त्याने मान डोलावली आणि खोके उचलून माझ्या जीपकडे चालायला लागला. त्या तालुक्यात पुढच्या सहा महिन्यांत मी जितकी दुकानं पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी ते औषध ठेवणं बंद केलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनचा पेशंट, मणक्याच्या कॅन्सरची बाई, सगळ्यांना जिल्ह्याच्या गावी जावं लागत होतं.

आणि रिकाम्या कप्प्यात टॅपेन्टाडॉल येऊन बसलं. ते आपल्याकडे २०११ पासून मंजूर आहे, दुखण्यावर चांगलं औषध आहे. काम ट्रामाडॉलसारखंच, पण रेणू उघडून बघा: ट्रामाडॉलमधलं सहा कार्बनचं कडं त्यात नाहीच. म्हणजे २०१८ मध्ये कोणी 'ट्रामाडॉल आणि त्याच्यासारख्या रचनेचे सर्व पदार्थ' असं लिहिलं असतं तरी टॅपेन्टाडॉल निसटलंच असतं. तुमच्या प्रश्नातलं 'तिसरं येईल' हे भाकीत म्हणून बरोबर आहे.

टॅपेन्टाडॉलचा विषय निघालाच आहे तर पालघरचं सांगायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की आपल्या महाराष्ट्रातल्या कारखान्यात टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकाच गोळीत घालून ती घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला जाते आणि तिथल्या रस्त्यांवर पोरं ती खातात. कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध, सवय लावणारं, युरोपने केव्हाच मागे घेतलेलं. एक श्वास मंदावणारं आणि दुसरं गुंगी आणणारं, असं हे मिश्रण. सुटी दोन्ही औषधं भारतात मंजूर, जोडगोळी मात्र मंजूर नाही. तरी निर्यातीसाठी बनत होती. केंद्र आणि राज्याच्या औषध निरीक्षकांनी २१ आणि २२ फेब्रुवारीला कारखान्याची तपासणी केली, आणि या जोडगोळीचे देशभरातले उत्पादनाचे परवाने आणि निर्यातीच्या ना-हरकती मागे घेतल्या गेल्या. त्याच वेळी सरकारकडून खुलासा आला की ही दोन्ही औषधं एनडीपीएसच्या यादीत नाहीत.

त्यावर 'मग घाला यादीत' अशी मागणी झाली. माझं मत वेगळं आहे. पालघरची भानगड एनडीपीएसच्या भोकातून झाली नाही, निर्यातीच्या दारातून झाली. जे आपल्या माणसांना विकायची परवानगी नाही ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी बनवायला ना-हरकत कशी मिळते, हा तिथला प्रश्न. त्याला एनडीपीएस लागत नाही. ज्या देशात माल जायचा त्या देशाच्या औषध नियंत्रकाचं, त्याच मिश्रणाचं, त्याच ताकदीचं मंजुरीपत्र मागायचं आणि ते खरं आहे का हे त्या नियंत्रकाला सरळ ईमेल करून विचारायचं, एवढं पुरे. मी कारखान्यांच्या पट्ट्यात असताना निर्यातीच्या फाइलींत अशी मंजुरीपत्रं पाहिली आहेत, ज्यांवरच्या शिक्क्यातलं स्पेलिंग चुकलेलं होतं. शिक्का कोणी वाचतच नव्हतं.

आता नायटाझिन. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेदनाशामक म्हणून हे रेणू शोधले. काही मॉर्फिनच्या कित्येक पट, अगदी शेकडो पट ताकदीचे निघाले, श्वास बंद पाडण्याचा धोकाही तसाच, म्हणून औषध म्हणून एकही बाजारात आलं नाही. सहा दशकं ते शोधनिबंधांत पडून राहिले. चीनने १ मे २०१९ पासून फेंटानिलचं अख्खं घराणं नियंत्रणात आणलं आणि त्याच सुमारास आयसोटोनायटाझिन नावाचं भूत जुन्या कपाटातून बाहेर आलं. ते २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. मग मेटो, प्रोटो, ब्युटो, पायरोलिडिनो, एकामागून एक. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या बैठकीत एका दमात आणखी चार घातले. नावामागे धावणं म्हणतात ते हेच.

इंग्लंडने आधी तेच केलं. मार्च २०२४ मध्ये नावं घेऊन बंदी घातली, पण बाजारात दुसरी नावं आली. मग १५ जानेवारी २०२५ पासून सांगाड्यावर बंदी आणली. चीनचा नायटाझिन वर्गावरचा आदेश जुलै २०२५ पासून लागू झाला. अमेरिकेत फेंटानिलसदृश पदार्थांवर फेब्रुवारी २०१८ पासून तात्पुरती वर्गबंदी होती, ती मुदतवाढ घेत घेत जुलै २०२५ मध्ये कायमची झाली.

सांगाड्यावर बंदी म्हणजे काय, ते जुन्या वाड्यावरून सांगतो. जोतं आणि चार खांब तेच ठेवायचे, खिडक्या-दारं बदलायची, आणि म्हणायचं हा नवा वाडा. नायटाझिनमध्ये जोतं म्हणजे बेन्झिमिडॅझोलचं कडं, त्याच्या दोन नंबरच्या जागेला बेन्झिल गट, एक नंबरच्या जागेला अमाइनचं शेपूट. कायद्यात लिहायचं की हे जोतं आणि हे खांब असतील, आणि अमुक जागी अमुक प्रकारचे गट लावलेले असतील, तर नाव काहीही ठेवा, पदार्थ यादीत आहे. 'साधर्म्य' वगैरे मोघम शब्द नाहीत. प्रयोगशाळेतल्या केमिस्टने रेणूचं चित्र काढायचं, व्याख्येशेजारी ठेवायचं, आणि हो किंवा नाही सांगायचं.

हा काटेकोरपणा माझा हट्ट का आहे तर आपला कायदा फार कडक आहे म्हणून. कलम ३५ प्रमाणे आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असंच धरून चालायचं, नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. कलम ३७ प्रमाणे व्यापारी मात्रा असेल तर तो दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. अशा कायद्यात एक सैल विशेषण घातलं की रंगाच्या कारखान्यातला केमिस्ट पाच-पाच वर्षं खटल्याविना आत बसेल. अमेरिकेत 'बऱ्याच अंशी सारखा' या शब्दांवर दोन्ही बाजूंचे प्राध्यापक कोर्टात भांडत आले. तिथे निदान जामीन तरी मिळतो.

सांगाडाही सगळं पकडत नाही. ब्रॉर्फिन नावाचं कृत्रिम ओपिऑइड फेंटानिलच्याही घराण्यात बसत नाही आणि नायटाझिनच्याही, तरी तितकंच मारतं. ते २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत आलं. म्हणून सांगाड्याबरोबर तात्पुरत्या आदेशाची सोय हवी. इंग्लंडमध्ये २०११ पासून आहे तशी: बारा महिन्यांसाठी लगेच बंदी, तेवढ्या काळात तज्ज्ञांनी अभ्यास करायचा, मग कायम करा किंवा सोडून द्या. आपल्याकडे एकदा यादीत गेलेलं सहसा बाहेर येत नाही, म्हणून आत घालायलाच सगळे घाबरतात. मुदत लिहिली की सही करणाऱ्याचा हात हलका होतो.

आता मात्रेचा हिशेब, याकडे कोणी लक्ष देत नाही. हेरॉइनची व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. समजा हेरॉइनच्या पन्नास पट ताकदीच्या नव्या पदार्थालाही कोणी तोच आकडा लावला, तर २४० ग्रॅम बाळगणारा मधल्या वर्गात येतो आणि त्याला जामिनाची कलम ३७ ची आडकाठी लागत नाही. एका छोट्या डब्यात मावणारा तेवढा माल एका शहराला पुरेल. उलट्या बाजूने, हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ठरवलं की शुद्ध अंमली घटकाचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. पन्नास मिलिग्रॅमची ट्रामाडॉल कॅप्सूल घ्या, आतल्या भुकटीचं एकूण वजन तीनशे मिलिग्रॅम धरा. शुद्ध औषधाने २५० ग्रॅम व्हायला पाच हजार कॅप्सूल लागतील, मिश्रणाने साडेआठशेच्या आतच होतात. रस्त्यावरच्या गर्दच्या पुडीला हा न्याय ठीक, कारण तिथे भेसळ हाच धंदा आहे. पण मायक्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्या पदार्थाला तो कसा लावणार? फेंटानिलच्या दोन मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये औषध असतं शंभर मायक्रोग्रॅम, बाकी पाणी. एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य ज्या कागदावर जिरवून विकतात त्या कागदाचं वजन धरायचं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाले, तसेच वाद इथे होतील. नव्या अधिसूचनेत ताकदीप्रमाणे मात्रा आणि कंपनीच्या सीलबंद औषधासाठी वेगळी टीप, हे एकाच दिवशी हवं.

प्रयोगशाळेबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर थांबणार नाही. २०१५ मध्ये एक मोठा गाजावाजा झालेला एमडीचा साठा सापडला होता, तपासणीत तो अजिनोमोटो निघाला. तो तर किलोवारी होता. नायटाझिन एका गोळीत मिलिग्रॅमच्या अंशाने असतं, बाकी सगळी चुन्यासारखी भुकटी. पोलिसांकडच्या रंग बदलणाऱ्या किटला ते दिसत नाही, फेंटानिलच्या पट्टीलाही दिसत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि यंत्र असलं तरी तुलनेला त्या पदार्थाचा शुद्ध नमुना लागतो. तो नमुना आयात करायचा तर तोच नियंत्रित पदार्थ, त्याला परवानग्या. मी एका नमुन्याच्या अहवालाची चौदा महिने वाट पाहिली आहे. अहवाल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं: 'संदर्भ नमुना उपलब्ध नसल्याने निष्कर्ष देता येत नाही.' राजपत्रात नवं नाव छापायच्या दिवशी त्याचा संदर्भ नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत पोचलेला असावा, एवढीच माझी मागणी.

कच्च्या मालाचं थोडक्यात. फेंटानिल बनवायला लागणारे एनपीपी आणि एएनपीपी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रणात आले, मधल्या पायरीचे आणखी काही पदार्थ २०२२ मध्ये, त्याही आधीच्या पायरीचे ४-पायपरिडोन वगैरे २०२४ मध्ये. म्हणजे कायदा ओढ्याच्या उगमाकडे सरकतोय, आणि केमिस्टही. २०१८ मध्ये इंदुरात महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे नऊ किलो फेंटानिल पकडलं, तेव्हा अटकेत एक मेक्सिकन नागरिकही होता. जानेवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या दोन कंपन्यांवर अमेरिकेत आरोप ठेवले गेले. तिथल्या सरकारी वकिलांचं म्हणणं, पाकिटावर 'व्हिटॅमिन सी' लिहून हा कच्चा माल पाठवला गेला. त्या खटल्याचं व्हायचं ते होईल. आपल्या तारापूर, कुरकुंभ, महाडच्या एमआयडीसीतल्या प्रामाणिक कारखानदाराने एवढंच करावं: ४-पायपरिडोनची ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाला 'कशासाठी?' असं लेखी विचारावं.

आता सगळ्यात नाजूक भाग, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं.

हा देश स्वतः कायदेशीर अफू पिकवतो. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्यावर शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. १९८५ मध्ये आपण वर्षाला सुमारे ७१६ किलो मॉर्फिन औषध म्हणून वापरत होतो. त्याच वर्षी कायदा आला. १९९७ मध्ये हा आकडा १८ किलो होता. कायद्यात मॉर्फिनवर बंदी कुठेच नव्हती, कलम ८ वैद्यकीय वापराला सरळ मुभा देतं. पण बाळगायचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा वेगळा, प्रत्येकाची मुदत वेगळी. एक परवाना हातात पडेपर्यंत दुसरा संपायचा. रुग्णालयांनी नाद सोडला.

नव्वदच्या दशकात एका जिल्ह्याच्या गावी माझ्या टेबलासमोर एक मुलगी येऊन बसली. वडिलांना जबड्याचा कॅन्सर. परळच्या टाटा रुग्णालयातून पंधरा दिवसांच्या मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन यायची, संपत आल्या की पुन्हा रात्रीच्या एसटीने मुंबई. तिने चिठ्ठी माझ्यापुढे उलगडून ठेवली. घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. "इथे कुणाकडे मिळेल ते तेवढं सांगा." जिल्ह्यात एकाकडेही नव्हतं. रुग्णालयाचा अर्ज आमच्याच कपाटात, एका दाखल्याअभावी पडलेला होता. मी त्या आठवड्यात तो काढला, पुढे सरकवला, तरी परवाना यायला सात महिने गेले. ती पुन्हा आली नाही.

२०१४ च्या दुरुस्तीने हे बदललं. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कायदा सुधारायला एकोणतीस वर्षं लागली. म्हणून फेंटानिलच्या घराण्यावर सांगाड्याची बंदी आणताना त्याच अधिसूचनेत, तिसऱ्या पानावरच्या तळटिपेत नव्हे, पहिल्याच परिच्छेदात लिहावं: फेंटानिल, सुफेंटानिल, अल्फेंटानिल, रेमिफेंटानिल ही औषधं आणि त्यांचे पॅच यांना आत्ताचेच नियम लागू राहतील. आणि त्याच दिवशी प्रत्येक जिल्ह्याच्या केमिस्ट संघटनेला मराठीत एक पानाचं पत्र जावं: काय विकायचं, कशावर विकायचं, कोणतं रजिस्टर ठेवायचं. २०१८ मध्ये ते पत्र असतं तर माझ्या जीपमध्ये ते खोके आले नसते.

टॅपेन्टाडॉल यादीत घालावं का? घालावं, पण पत्र आधी लिहून ठेवून.

तुमचा दुसरा प्रश्न, काउंटरचा. नशेच्या गोळ्यांना मालेगावात 'कुत्ता गोळी', कुठे 'बटन', नावं बदलतात, गिऱ्हाइकाची पद्धत बदलत नाही. तो मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो, डॉक्टरचं नाव वर गेलेलं असतं, तारीख अंगठ्याखाली. दिलेल्या औषधाची नोंद, दुकानाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर टाकायला नियम ६५ सांगतो. फोटोवर शिक्का कुठे मारणार? तेव्हा मूळ कागद मागा. टॅपेन्टाडॉलला कायदा सांगो न सांगो, एच-वनच्या रजिस्टरमध्ये शेवटची दहा पानं त्याच्यासाठी राखा. पुढे कधी ते यादीत आलं तर जुना साठा कुठून आला हे दाखवायला तीच पानं कामी येतील. दहाच्या दहा स्ट्रिपा मागणाऱ्याला नाही म्हणा, पण कॅन्सरची फाइल घेऊन आलेल्याला 'आम्ही ठेवत नाही' म्हणू नका, मागवून द्या.

आणि दुकानासमोर कोणी पडलेला दिसला, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळसर, श्वास मिनिटाला चार-पाच, तर तोंडावर पाणी मारत बसू नका. १०८ लावा, 'ओपिऑइड असू शकतं, नॅलोक्सोन घेऊन या' असं स्पष्ट सांगा, आणि गाडी येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहा. एका इंजेक्शनने शुद्ध आली तरी त्याला घरी जाऊ देऊ नका. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, नायटाझिन त्यानंतरही रक्तात असू शकतं.